सादळण्यापासून सामान कसं वाचवाल? सिलिका जेलची पुडी : वापर, हिशेब आणि पुन्हा वाळवण्याची रीत

इंदूर : पावसाळ्यात घरातली सेव तासाभरात सादळते, मिठाच्या बरणीत गुठळ्या होतात, पापड मऊ पडतात. हे लगेच दिसतं, म्हणून आपण लगेच उपाय करतो. पण कपाटात बंद असलेला कॅमेरा, पेटी, कानाचं यंत्र, दुर्बीण, शिलाई मशिनच्या सुया, जुने फोटो यांचं सादळणं दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. वडिलांचा फिल्मचा कॅमेरा मी चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला होता. बुटांच्या खोक्यातून निघालेल्या दोन पांढऱ्या पुड्या त्यात टाकल्या आणि निर्धास्त झालो. चार पावसाळे गेले. पाचव्या वर्षी मुलीला दाखवायला काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले. बुरशी. दुरुस्ती करणाऱ्याने लेन्स उघडून पुसून दिली, पण काचेवरच्या कोटिंगला पडलेल्या खुणा काही गेल्या नाहीत. त्याने एकच प्रश्न विचारला : पुड्या शेवटच्या कधी वाळवल्या होत्या? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुडी वाळवायची असते, हेच मला ठाऊक नव्हतं.

मुद्दा एवढाच आहे. पुडी म्हणजे औषध नव्हे, पुडी म्हणजे स्पंज. भरला की तो काम थांबवतो. आणि डबा घट्ट नसेल तर तो दोन-चार दिवसांतच भरतो.

पुडीत असतं काय?

"खाऊ नका" असं छापलेल्या पुडीतले काचेसारखे मणी म्हणजे सिलिका जेल. मूळ पदार्थ वाळूचाच, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. पण तो असा बनवलेला असतो की प्रत्येक मण्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. एका ग्रॅम जेलच्या आतला पृष्ठभाग सहाशे ते आठशे चौरस मीटर भरतो. हवेतली वाफ या पृष्ठभागावर चिकटून बसते. शास्त्राच्या पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. मण्यात रासायनिक बदल होत नाही, म्हणूनच तापवलं की पाणी निघून जातं आणि मणी पुन्हा कामाला तयार होतो.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर पॅट्रिक यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जेल बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सामान आणि पेनिसिलिन कोरडं ठेवायला ते वापरलं गेलं. आज औषधाच्या बाटलीपासून लॅपटॉपच्या खोक्यापर्यंत सगळीकडे ही पुडी असते.

सगळ्या पुड्या सारख्या नसतात

घरात येणाऱ्या पुड्यांत निदान चार प्रकार असतात. त्यांची गल्लत करू नका.

पांढरं सिलिका जेल : सगळ्यात सुरक्षित आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारं. अडचण एकच, भरलं की नाही हे बघून कळत नाही.

रंग बदलणारं जेल : निळं जेल ओल घेतली की गुलाबी होतं. हा रंग कोबाल्ट क्लोराइडचा. त्याची धूळ श्वासात जाणं घातक मानलं जातं, म्हणून घरात निळं शक्यतो नकोच. त्याऐवजी केशरी जेल मिळतं. ते ओल घेतली की हिरवट किंवा फिकट होतं. पांढऱ्या जेलमध्ये मूठभर केशरी मिसळलं की रंगाची खूणही मिळते आणि खर्चही वाचतो.

कॅल्शियम क्लोराइड : कपड्यांच्या कपाटात टांगायच्या पिशव्या, खाली पाणी साठणारे प्लास्टिकचे डबे. हे ओल फार जोरात ओढतं, पण स्वतः विरघळून खारट पाणी होतं. ते पाणी सांडलं तर धातू गंजतो, चामडं खराब होतं. कॅमेरा, वाद्य, हत्यारं यांच्या डब्यात हे कधीही ठेवू नका. घरी पुन्हा वाळवण्याच्या भानगडीतही पडू नका.

ऑक्सिजन शोषणारी पुडी : खाण्याच्या पाकिटातून निघते. आत काळपट लोखंडी भुकटी असते, चुंबकाला चिकटते. ती ओल धरण्यासाठी नसते आणि तापवून परतही येत नाही. काम झालं की टाकून द्या.

आता घरगुती समजुतींबद्दल. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायची आपली जुनी रीत आहे, आणि बरणीपुरती ती चालते. पण तांदळाची ओल घेण्याची ताकद जेलपेक्षा बरीच कमी, शिवाय त्याची पिठूळ धूळ कॅमेऱ्यात किंवा मोबाईलमध्ये गेली तर नवं दुखणं. डांबराच्या गोळ्या, कापूर, लवंग, कडुनिंबाचा पाला हे सगळं किड्यांसाठी आहे. ओलीशी त्यांचा काही संबंध नाही. कळीचा चुना ओल घेतो खरा, पण त्याचा विरलेला चुना होतो, तो गरम होतो, कातडीला भाजतो आणि घरच्या आचेवर परत कळीचा होत नाही. पेटीच्या कप्प्यात चुन्याची पुरचुंडी ठेवायची सवय असेल तर ती सोडा.

आधी डबा, मग पुडी

आम्ही कॉमर्सवाले, सगळं जमा-खर्चात मांडून बघतो. हाही हिशेब मांडू.

ऑगस्टमध्ये हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. तुमचा डबा २० लिटरचा, म्हणजे त्यातल्या हवेत अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी पाणी. ते ४५ टक्क्यांवर आणायचं तर पाव ग्रॅमदेखील काढावं लागत नाही. हे काम दोन-तीन छोट्या पुड्यांचं.

मग पुड्या भरतात कशाने? दोन गोष्टींनी. पहिली, गळती. कापडी बॅग, चामड्याची केस, लाकडी कपाट यांतून हवा दिवसभर ये-जा करते. तिथे ठेवलेली पुडी तुमचा कॅमेरा नव्हे, अख्खी खोली वाळवायचा प्रयत्न करत असते. माझ्या दोन पुड्यांचं हेच झालं. दुसरी गोष्ट, सामानाने आधीच पिऊन ठेवलेली ओल. चामडं, फोम, कागद, लाकूड, कापड यांच्या पोटात हवेपेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं. एक किलो लाकूड ८५ टक्के आर्द्रतेतून ४५ टक्क्यांपर्यंत यायचं तर साधारण ८० ते ९० ग्रॅम पाणी सोडतं. म्हणजे सात-आठ किलोच्या पेटीतून अर्धा लिटरहून जास्त. तिथे दहा-वीस पुड्या काय करणार?

यातून तीन नियम निघतात.

एक, डबा रबराची पट्टी असलेला, चारही बाजूंनी कडी लागणारा हवा. स्वयंपाकघरातला मोठा पारदर्शक हवाबंद डबा कॅमेऱ्याला पुरतो. तपासायची सोपी रीत : रिकाम्या डब्यात सादळलेली नव्हे, कुरकुरीत सेव वाटीभर ठेवून झाकण लावा. पावसाळ्यात चार दिवसांनी ती कुरकुरीत निघाली तर डबा पास.

दोन, सामान आधी वाळवा, मग बंद करा. पाऊस पडत असताना ओलसर बॅगेसकट कॅमेरा डब्यात घातला तर ओलही आत बंद होते. चामड्याची केस डब्याबाहेरच राहू द्या. बुरशीला तिच्यासारखं घर नाही.

तीन, जेल हिशेबात घ्या. हवेचा हिशेब पाव ग्रॅमचा असला तरी झाकण उघडणं, थोडी गळती, पट्टे आणि फोममधली ओल धरून २० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम जेल ठेवा. बुटातल्या पुड्या एक-दोन ग्रॅमच्या असतात, त्यामुळे त्या जमवत बसण्यापेक्षा लॅबोरेटरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून किंवा ऑनलाइन अर्धा-एक किलो सुटं जेल आणणं स्वस्त पडतं. जेल मलमलच्या दुहेरी पोटलीत भरून तोंड शिवून घ्या, म्हणजे त्याची धूळ लेन्सवर बसणार नाही.

मीटर लावा, वजन करा

डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा. स्वस्तातला चालेल, पण आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाणी टाका. मीठ विरघळू नये, ओल्या वाळूसारखं व्हावं. हे झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ कमी दाखवतो, एवढं डब्यावर लिहून ठेवा.

आकडे किती हवेत? कॅमेरा, लेन्स, दुर्बीण यांना ४० ते ५० टक्के. कागद, फोटो यांनाही साधारण तेवढेच. पेटी, सतार, तानपुरा या लाकडी वाद्यांना ४५ ते ५५. सतत ६५-७० टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीचं फावतं. पण फार कोरडंही चांगलं नाही. ३० टक्क्यांच्या खाली लाकूड चिरतं, जोड सुटतात, रबर कडक होतं. "जितकी जास्त पुडी तितकं चांगलं" हे चुकीचं.

मीटर नसेल तर वजनकाटा आहेच. ताज्या वाळवलेल्या पोटलीचं वजन करून तिच्यावर पेनाने लिहा. १०० ग्रॅमची पोटली ११५ ते १२० ग्रॅम झाली की वाळवायची वेळ झाली. रंगावर विसंबण्यापेक्षा ही पद्धत पक्की, आणि पांढऱ्या जेललाही लागू.

पुन्हा वाळवायची रीत

ओटीजी ओव्हन असेल तर काम सोपं. जेल पोटलीतून काढून स्टीलच्या पसरट ताटात एका सेंटिमीटरहून पातळ थरात पसरा. पांढऱ्या जेलसाठी १२० ते १३० अंश, दोन ते तीन तास. रंगीत जेलसाठी ११० ते १२० पुरे. जास्त तापलं तर रंगाची खूण मरते. मधूनमधून ताट हलवा. वजन पुन्हा मूळ आकड्यावर आलं की झालं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची जुनी कढई. मंद आच, सतत हलवत राहायचं, खिडकी उघडी. सुरुवातीला वाफ निघते, वर धरलेल्या थंड स्टीलच्या ताटलीवर दव जमतं. दव जमणं थांबलं की आणखी दहा मिनिटं ठेवून आच बंद करा. ही कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. रंगीत जेल कढईत भाजू नका, निळं तर मुळीच नाही.

मायक्रोवेव्हबद्दल खूप विचारलं जातं. जमतं, पण तापमान हातात राहत नाही; मणी तडकतात, एखादा भाग लालबुंद तापतो. करायचंच असेल तर कमी पॉवरवर, मिनिट-दोन मिनिटांच्या टप्प्यांनी, दर वेळी ढवळून. बंद पुडी आत घालू नका. कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या पुड्या पुडीसकट तापवायच्या नाहीतच. फाडून मणी एकत्र करा आणि पोटली बनवा. प्रेशर कुकरमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या, तिथे वाफच असते.

आणि ऊन? पावसाळ्यातली उघडीप कामाची नाही; ऊन असलं तरी हवा ओली असते. मालव्यातलं एप्रिल-मेचं ऊन वेगळं. दुपारची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की काळ्या ताटात पसरलेलं जेल दोन-तीन दिवसांत बरंच पाणी सोडतं. पूर्ण वाळत नाही, पण गॅसचा खर्च वाचतो. संध्याकाळ व्हायच्या आत मात्र उचला.

सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटच्या पायरीला. गरम जेल उघड्यावर निवायला ठेवलं की निवता निवता ते पुन्हा ओल पितं. केलेली मेहनत पाण्यात! कोमट असतानाच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, तिथेच थंड होऊ द्या. काचेच्या बरणीत गरम जेल ओतू नका, बरणी तडकेल.

नीट वाळवलं तर एकच जेल वर्षानुवर्षं चालतं. फार भुगा झाला, तेलकट झालं किंवा वाळवूनही वजन घेईनासं झालं की बदला.

लहान मुलं घरात असतील तर मणी हाताशी ठेवू नका. पांढरं जेल विषारी नाही, पण घशात अडकू शकतं. रंगीत जेल मुलाने तोंडात घातलं तर डॉक्टरांना दाखवा.

कुठल्या सामानाला काय?

कानाचं यंत्र : घरातल्या आजी-आजोबांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची ओळ. घाम आणि पावसाळी हवा यांनी यंत्र बंद पडतं. रात्री यंत्र पुसून, बॅटरी बाहेर काढून, जेल असलेल्या छोट्या डबीत ठेवा. बटणासारखी झिंक-एअर बॅटरी त्या डबीत ठेवू नका, तीच वाळून निकामी होते.

कॅमेरा आणि लेन्स : डब्यात ठेवलं म्हणून वर्षभर विसरू नका. महिन्यातून एकदा काढा, रिंगा फिरवा, दोन फोटो घ्या. आधी लागलेली बुरशी जेलने जात नाही, फक्त वाढ थांबते.

पेटी, सतार, तबला : इथे जेल दुय्यम. वाजवत राहणं, खोलीत हवा खेळती ठेवणं आणि बाहेरच्या भिंतीपासून वाद्य दूर ठेवणं हे पहिलं. पेटीच्या खोक्यात एक-दोन पोटल्या ठेवा, पण एकदम जास्त जेल घालून लाकूड घाईने वाळवू नका.

गणेशोत्सवाचं सामान : इंदुरात अनंत चतुर्दशीच्या झांक्या निघतात तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. मग ढोल, माईक, दिव्यांच्या माळा, वायरी घाईघाईने ओल्याच बांधल्या जातात आणि पुढच्या वर्षी अर्ध्या माळा लागत नाहीत. मंडळांनी हे सामान तात्पुरतं ठेवावं, दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात दोन दिवस पसरावं आणि मग पोटल्यांसह पेटीत बंद करावं.

फोटो आणि कागद : एका मोठ्या ट्रंकेपेक्षा छोटे हवाबंद डबे बरे. पोटली कागदाला टेकू देऊ नका.

मालव्याचं वेळापत्रक, कोकणाचं वेगळं

इंदुरात वर्षाला साधारण ९५ ते १०० सेंटिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे आपलं वेळापत्रक सुटसुटीत आहे. मे महिन्यात सामान उघडा, कोरडी हवा लागू द्या, जेल वाळवा आणि पाऊस लागण्याआधी कोरड्या दुपारी डबे बंद करा. जुलै ते सप्टेंबर महिन्याला एकदा वजन किंवा मीटर बघा. लागली तर पोटली बदला. म्हणूनच पोटल्यांचा दुसरा जोड वाळवून तयार ठेवावा. ऑक्टोबरात शेवटचं वाळवण. मग उन्हाळ्यापर्यंत फारसं बघावं लागत नाही.

बुऱ्हाणपूर, खरगोन, जळगाव, धुळ्याच्या वाचकांना हेच चालेल. पण कोकण, गोवा किंवा कारवारकडच्या नातेवाइकांना हे जसंच्या तसं सांगू नका. पणजीला इंदूरच्या जवळपास तिप्पट पाऊस पडतो आणि समुद्रामुळे उन्हाळ्यातही हवा कोरडी होत नाही. तिथे उन्हात जेल वाळत नाही, ओव्हनच लागतो. आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी तपासावं लागतं. सामान जास्त आणि मोलाचं असेल तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घेणंच तिथे परवडतं. लोखंडी कपाटात बल्ब लावून ठेवायची जुन्या फोटोग्राफरांची रीत आता नको. कापड किंवा कागद टेकला तर आग लागते.

वडिलांचा कॅमेरा आता पारदर्शक डब्यात आहे. शेजारी १०० ग्रॅमची पोटली, तिच्यावर वाळवल्याची तारीख आणि वजन. लेन्सवरच्या खुणा तशाच आहेत, फोटो थोडे धूसर येतात. तुमच्या कपाटात असं काही बंद असेल तर आज उघडून बघा. आत पुडी असेल तर तिच्या शेजारीच स्वतःला हा प्रश्न विचारा : ही शेवटची कधी वाळवली होती?